गोळी गोल की लांबट?

वाघ तीस पावलांवर आणि हाती एक, फार तर दोन बार! ठासणीच्या बंदुकीत दारू ओतून, गोळी गजाने ठासून पुन्हा नेम धरेपर्यंत जखमी जनावर थोडेच थांबणार? म्हणूनच गोळी गोल हवी की लांबट, हा एकोणिसाव्या शतकातल्या शिकाऱ्यांच्या जिवाशी गाठ असलेला वाद होता.

लांबट गोळीला नाव मिळवून दिले मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने, १८४९ च्या सुमारास. तिचे बूड पोकळ. बार होताच ते फाकून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे. (१८५७ ची ती कुप्रसिद्ध काडतुसे याच घराण्यातल्या गोळीची.) लष्कराला ती मानवली, कारण तिथे लांबून टिपायचे असे.

सातपुड्याची जंगले पालथी घालणाऱ्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथने मात्र १८६३ च्या आपल्या पुस्तकात गोल गोळीची बाजू घेतली. ती हलकी, म्हणून दारू भरपूर घालता येते. ती वेगाने सुटते आणि जवळच्या पल्ल्यात फारशी खाली उतरत नाही. झाडीत अंतराचा अंदाज हमखास चुकतो, तेव्हा मला फॉर्सिथचेच पटते. अट एकच, आट्यांचा पीळ सैल हवा. नाहीतर दारूच्या जोराने गोळी आटे सोडून सरकते. त्याने १०४ इंचांत एकच वेढा सुचवला होता.

हलकी गोळी खोल शिरत नाही, हे खरे. पण व्यास दुप्पट केला की वजन आठपट! हत्ती-गव्यासाठी शिशात कथील मिसळून ती कडक करीत; सांबराला मऊ शिसे पुरे.

पुढे मागून भरायच्या रायफली आल्या, आणि १९७२ चा कायदा व १९९१ ची दुरुस्ती यांनी भारतातली शिकारच संपवली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र ठासणीच्या बंदुकीसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो आणि तिथे हे भांडण अजून रंगते.