विळा लागला, बोट का सुजलं?

वाशीम जिल्ह्यात ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. विळ्याचा एक वार चुकतो, बोटातून रक्त येतं आणि संध्याकाळपर्यंत ते बोट लालबुंद, गरम, ठसठसतं होतं. घरचे म्हणतात, "जखम चिघळली." बहुतेकदा तसं नसतं. शरीर दुरुस्तीला लागलेलं असतं.

जखम होताच कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती पाझरू लागतात, म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे नसा हळव्या होतात; बोट दुखतं म्हणूनच आपण ते जपतो. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेतं. मागून आलेल्या मॅक्रोफेज पेशी हा सगळा केर उचलतात. १८८२ साली जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि त्याभोवती पडलेला अशाच पेशींचा वेढा प्रत्यक्ष पाहिला.

जखमेवर माती, शेण लावू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. लाल रेघ हातावर वर चढू लागली किंवा ताप आला, तर सोंगणी राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.