वीजजाळे: समतोलाचे तंत्र आणि आधुनिकीकरण (जामसांवली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना:
जामसांवली हे सौंसर तालुक्यातील गाव छिंदवाडा-नागपूर मार्गालगत आहे. तेथून नागपूरकडे निघाल्यास हद्दीवर राज्य बदलते, वीज कंपनी बदलते, दरही बदलतात. परंतु वीजजाळे बदलत नाही. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये एकाच जाळ्याचे भाग आहेत. हे जाळे कसे चालते आणि त्याच्या आधुनिकीकरणात अध्यापकांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जाळ्याची रचना:
सीमेवरील तोतलाडोह येथील 160 मेगावॅटच्या पेंच जलविद्युत केंद्राची वीज दोन्ही राज्ये वाटून घेतात. मध्य प्रदेशाचा वाटा दोन-तृतीयांश आहे. केंद्रातील वीज उच्च दाबाने वाहून नेली जाते. दाब दहापट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक-दशांश लागतो आणि तारांमधील उष्णतेचा अपव्यय एक-शतांश होतो. पुढे उपकेंद्रांत दाब टप्प्याटप्प्याने 33 व 11 केव्हीपर्यंत उतरतो आणि गावातील डीपीवरून घरात 230 व्होल्टची वीज येते.

समतोलाचा प्रश्न:
जाळ्यात वीज साठून राहत नाही. मागणीइतके उत्पादन प्रत्येक क्षणी व्हावे लागते. याची खूण म्हणजे 50 हर्ट्झ ही वारंवारिता. मागणी वाढली की ती घसरते, घटली की चढते. त्यावर जबलपूरचे राज्य भार प्रेषण केंद्र आणि मुंबईचे पश्चिम विभागीय केंद्र अहोरात्र लक्ष ठेवतात.

हा समतोल ढासळल्यास काय होते, हे 30 व 31 जुलै 2012 रोजी दिसले. दोन्ही दिवशी आरंभ बीना-ग्वाल्हेर या अतिभारित 400 केव्ही वाहिनीपासून झाला. वाहिनीत दोष नव्हता. संरक्षक रिलेने अतिभारालाच दोष समजून ती तोडली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही विभागीय जाळी कोसळली. याउलट 5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे 31,000 मेगावॅटने घटली. जलविद्युत केंद्रांचे उत्पादन झपाट्याने कमी करून पुन्हा वाढवण्यात आले आणि जाळे टिकले. फरक पूर्वतयारीचा व अचूक माहितीचा होता.

आधुनिकीकरण:
31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग जोडला गेला आणि देशाचे जाळे एक झाले. एवढ्या मोठ्या जाळ्याची स्थिती आता फेजर मापन यंत्रे सेकंदाला 25 वेळा नोंदवतात. रीवा येथील 750 मेगावॅटसारख्या सौर प्रकल्पांची वीज सूर्यास्ताला थांबते, म्हणून जलद प्रतिसाद आवश्यक ठरतो. मात्र हीच दिवसाची वीज शेतीच्या स्वतंत्र फीडरला मिळाल्यास, संत्र्याच्या बागेला रात्री अंधारात पाणी देण्याची जोखीम टळू शकते. 2021 च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेने स्मार्ट मीटरांवर भर दिला. त्यामुळे कोणत्या डीपीवर किती गळती होते, हे कळू शकते.

समारोप:
ग्राहकाचा विश्वास नसेल तर हे मीटर भिंतीवरचा वाद ठरतील. तो विश्वास सरकारी पत्रकाने येत नाही, पडताळणीने येतो. अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून साधा प्रयोग करून घ्यावा: घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून 1000 वॅटची शेगडी तासभर चालवावी, दाब योग्य असल्यास नोंद सुमारे एक युनिटने वाढली पाहिजे. वायरिंग व मोटार रिवाइंडिंग शिकणाऱ्या मुलांना याच्या जोडीने मीटरचे वाचन, अर्थिंग आणि सौर पंपाची जोडणीही शिकवावी. जाळे आधुनिक होत असताना आपला विद्यार्थी केवळ बिल भरणारा राहू नये. ते तपासणारा आणि दुरुस्त करणारा व्हावा, ही जबाबदारी आपल्या वर्गखोल्यांची आहे.