गाडीचा वेग समोरच्या काचेत: मामांच्या गाडीत मी बसवलेला हेड-अप डिस्प्ले

मे महिन्यात मामांच्या गाडीतून पहूरहून जळगावला निघालो होतो. मोबाईलमध्ये वेग दाखवणारं ॲप होतं. त्यातला 'एचयूडी मोड' चालू केला आणि फोन डॅशबोर्डवर आडवा ठेवला. आकडे समोरच्या काचेत उमटले, मामा खूश! पण नेरी यायच्या आतच फोनवर तापमानाचा इशारा आला आणि स्क्रीन काळी. जळगाव जिल्ह्यातला मे, त्यात डॅशबोर्डवर सरळ ऊन. फोनची तरी काय चूक?

शिवाय जीपीएसचा वेग थोडा मागून येतो. ब्रेक दाबून गाडी थांबली तरी ॲप क्षणभर जुनाच आकडा दाखवत राहतं. म्हटलं, वेग तर गाडीलाच माहीत आहे, मग तिलाच विचारू.

हेड-अप डिस्प्ले ही मूळ लढाऊ विमानांतली सोय. पायलटने मान खाली न घालता वेग आणि उंची बघावी, एवढाच हेतू. आपल्या तेजसचा एचयूडी चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संस्थेने विकसित केला. मोटारीत तो पहिल्यांदा १९८८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने दिला. आपल्याकडे २०२२ च्या बलेनोत डॅशबोर्डमधून वर येणारी छोटी पारदर्शक पट्टी आली, ती तुम्ही पाहिली असेल. मामांची गाडी २०१६ ची आणि साधी. पण स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं ओबीडी सॉकेट तिलाही आहे. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या घरच्या गाडीतही बहुतेक सापडेल.

या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर 'कॅन' नावाची दोन तारांची लाइन असते. गाडीतले छोटे संगणक याच पद्धतीने एकमेकांशी बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये आणली. आपण लाइनवर ७डीएफ या पत्त्याने प्रश्न टाकायचा: '०१ ०डी'. ०१ म्हणजे आत्ताची माहिती, ०डी म्हणजे वेग. इंजिनचा संगणक ७ई८ या पत्त्यावरून उत्तर देतो: '४१ ०डी ३सी'. शेवटचा आकडा हेक्समधला आहे. ३सी म्हणजे ६०, थेट किलोमीटर प्रति तास. गणित काहीच नाही! (तुमच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ रिकाम्या असतील, तर गाडी दुसरी भाषा बोलते. तिथे ही जोडणी चालणार नाही.)

सामान थोडंच लागलं: ईएसपी३२ बोर्ड, एसएन६५एचव्हीडी२३० हा कॅन ट्रान्सीव्हर, चार आकडी टीएम१६३७ डिस्प्ले आणि ओबीडीचा प्लग. हजाराच्या आसपास खर्च आला. ओबीडीच्या १६ नंबर पिनेवर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात. तिथून वीज घेतली तर गाडी बंद असतानाही बॅटरी उतरत राहते. म्हणून मी ५ व्होल्ट मोबाईल चार्जरच्या सॉकेटमधून घेतले, आणि ५ नंबर पिनेवरून फक्त ग्राउंड जोडलं.

एक चाचणी मात्र चुकवू नका. गाडी बंद करा आणि ६ व १४ मध्ये मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आले पाहिजेत, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. स्वस्त ट्रान्सीव्हरवर असाच तिसरा रेझिस्टर आधीच लावलेला मिळतो. तो काढला नाही तर रेझिस्टन्स ४० वर येतो आणि गाडीच्या स्वतःच्या बोलण्यात अडथळा येऊ शकतो. मी सोल्डरिंग आयर्नने काढून टाकला.

आता काच. समोरच्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येतं, त्यामुळे आकडा दोनदा दिसतो, एकावर एक सरकलेला. यावर फिल्म चिकटवा म्हणणारे भेटतील. पण काचेवर फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली होती. मी नेमप्लेटवाल्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ तुकडा कापून आणला आणि स्टिअरिंगच्या पुढे तिरका बसवला. पॅसेंजरच्या बाजूला काहीही बसवू नका, तिथली एअरबॅग डॅशबोर्डमधूनच बाहेर येते.

पहिली फेरी घेतली तेव्हा स्टँडजवळ गर्दी होती. मामा म्हणाले, "अरे भो, मी वीसनं चाललोय, हे पन्नास कशाला दाखवतंय?"

प्रतिबिंबात आकडा वर-खाली उलटतो, आणि सात रेघांच्या डिस्प्लेवर इंग्रजी दोन उलटा केला की नेमका पाच होतो. शून्य, एक, तीन, आठ उलटूनही तसेच राहतात. घरी मी ३० आणि ८० टाकूनच तपासलं होतं, म्हणून चूक दिसलीच नाही. विचार करा, उलट झालं असतं तर? गाडी पन्नासने पळतेय आणि समोर वीस! उपाय सोपा होता. कोडमध्ये रेघांची अदलाबदल केली: ए-डी, बी-सी, एफ-ई.

दुसरी चूक जास्त वाईट होती. अजिंठा घाटात एका ट्रकमागे आम्ही थांबलो होतो, आणि समोर ३८! खड्ड्यात प्लग सैल झाला होता. गाडीचं उत्तर येणं बंद, आणि माझा कोड शेवटचा आकडाच धरून बसलेला. खोटा आकडा कोऱ्या काचेपेक्षा धोक्याचा, कारण चालक त्यावर विश्वास ठेवतो. आता दर १०० मिलिसेकंदाला प्रश्न जातो आणि अर्धा सेकंद उत्तर आलं नाही तर चार आडव्या रेघा दिसतात. तेवढ्याने भागत नाही, कारण टीएम१६३७ स्वतःच आकडा लक्षात ठेवतो. ईएसपी३२ अडकला तरी जुना वेग दिसतच राहील. म्हणून वॉचडॉग टायमर चालू केलाय. बोर्ड अडकला की तो रीस्टार्ट करतो, आणि कोडचं पहिलंच काम डिस्प्ले कोरा करणं.

वेग सोडून दुसरं काही गाडीला पाठवू नका. ०४ हा मोड तर चुकूनही नको, त्याने साठवलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. आणि लायसन्स नसेल तर चालवायला मामाच बसवा, तुम्ही लॅपटॉप धरा.

दुपारच्या उन्हात आकडे अजूनही फिके दिसतात. ॲक्रिलिकमागे काळा कागद लावला तर उठून दिसतील, पण मग रस्ताच दिसणार नाही! संध्याकाळी मात्र छान दिसतं, आणि अंधार पडला की मी ब्राइटनेस सर्वात कमी करतो. रेघा दिसल्या की मामा आता काही न बोलता खाली मीटरकडे बघतात.