विमानाच्या पंखाचा फ्लॅप किती झुकवायचा? घरी विमान बांधणाऱ्याला अर्धा आटाही महागात पडतो

पनवेल : उलवे-पनवेल पट्ट्यातल्या लोकांना आता विमान काही नवीन राहिलं नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. विमान उतरताना नीट बघा, पंखाच्या मागच्या कडेचा भाग खाली झुकलेला दिसतो. तो फ्लॅप.

फ्लॅप खाली आला की पंखाचा बाक वाढतो आणि विमान कमी वेगातही हवेत टिकतं. हवेचा अडथळाही वाढतो, म्हणून कमी धावपट्टीत उतरता येतं. मोठ्या विमानात दोन्ही बाजू सारख्या चालतात की नाही, यावर यंत्रणा लक्ष ठेवते. घरी बांधलेल्या विमानात हे काम पाना घेऊन हातानेच करावं लागतं.

असे बांधणारे आपल्याकडेही आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या.

छोट्या विमानात फ्लॅप लिव्हरने नाहीतर मोटरने हलतो. बऱ्याच विमानांत मधल्या आडव्या नळीपासून दोन्ही फ्लॅपना एकेक दांडी जाते. दांडीच्या टोकाला आटे असतात, ते फिरवले की लांबी कमी-जास्त होते. ट्रॅक्टरची टॉप लिंक फिरवतात ना, अगदी तसंच. पण नांगर एका बाजूला खोल गेला तर फार तर तास वाकडा पडेल. इथे ज्या बाजूचा फ्लॅप जास्त खाली, ती बाजू जास्त उचलली जाते आणि विमान दुसऱ्या अंगावर कलतं. जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर ते सावरायला वेळच नसतो.

म्हणून आधी फ्लॅप पूर्ण वर घेऊन पंखाच्या रेषेत बसवतात. त्यावर कोन मोजायचं डिजिटल यंत्र ठेवून शून्य करतात. मग फ्लॅप खाली सोडून दोन्ही बाजूंचा आकडा वाचतात. समजा, नकाशात ३० अंश दिलेत आणि उजवीकडे ३०, डावीकडे २७ आले, तर डावी दांडी थोडी थोडी फिरवायची आणि दर वेळी पुन्हा मोजायचं. नुसत्या नजरेवर जाऊ नये. मोटर असेल तर ती नेमकी कुठे थांबावी यासाठी दोन्ही टोकांना स्विच असतात. तो उशिरा लागला तर मोटर ओढतच राहते आणि दांडीवर ताण येतो.

शेवटी चेकनट घट्ट करतात. दांडीला बारीक भोक असेल तर त्यात तार घालून बघतात. तार आरपार गेली, तर आटे पुरेसे आत बसलेले नाहीत. मग ती दांडी तशी चालत नाही, लांबीचा हिशोब पुन्हा करावा लागतो. बांधणाऱ्याने स्वतः तपासलं तरी दुसऱ्या जाणकाराकडून बघून घेतातच. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

हवेत पहिल्यांदा फ्लॅप सोडायचा तो भरपूर उंचीवर आणि ठरलेल्या वेगाच्या आतच. सोडताना विमान एकीकडे कलायला लागलं, तर फ्लॅप लगेच होता तिथे परत न्यायचा आणि फ्लॅपशिवाय, लांब धावपट्टीवर उतरायचं.