इंग्रज, वलंदेज आणि फिरंगी

उचगाव परिसरातील एका शाळेत इंग्रजीचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, पुस्तकात ‘इंग्लिश’ आहे, मग आपण ‘इंग्रज’ का म्हणतो?” हा अडाणी लोकांनी केलेला अपभ्रंश होय, असे उत्तर त्यास मिळाले. उत्तर सोपे खरे. परंतु ते यथार्थ नाही, आणि त्यायोगे मुलास घरच्या भाषेविषयी नाहक संकोच वाटू लागतो.

पोर्तुगिजांनी इ. स. १५१० मध्ये गोवा घेतला. इंग्रज व डच व्यापारी या किनाऱ्यावर त्यांच्या मागून, सतराव्या शतकात स्थिरावले. साहजिकच या नवागतांची नावे येथील लोकांच्या कानी पडली ती पोर्तुगिजांच्या तोंडून. त्यांच्या भाषेतील ‘इंग्लेस’चा झाला इंग्रज, आणि हॉलंडच्या रहिवाशाचे नाव ‘ओलांदेस’, त्याचा झाला वलंदेज. बावड्याच्या अमात्य घराण्यातील रामचंद्रपंतांच्या आज्ञापत्रात ही नावे एकत्र येतात, व या सर्वांस मिळून ‘टोपीकर’ म्हटले आहे. हा शब्द मात्र घरचाच, शिरोभूषणावरून पडलेला!

‘फिरंगी’चा प्रवास याहून लांबचा. फ्रँक ही युरोपातील एक जमात. फ्रान्स हे नाव तिच्यावरूनच पडले. अरबांनी पश्चिमेकडील सर्वच ख्रिस्ती लोकांस हे नाव लाविले, व फारसीमार्गे ते आपणांकडे येऊन मुख्यत्वे पोर्तुगिजांस चिकटले. युरोपी पात्याची तलवारही ‘फिरंग’ झाली. पुढे या शब्दात तिरस्कार मिसळला, म्हणून तो इतिहासाच्या तासापुरताच ठेवावा.

हॉलंडच्या लोकांस इंग्रजीत ‘डच’ का म्हणतात, हेही मुले विचारतील. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘लोकांचा, लोकभाषेचा’ एवढाच असून जर्मन लोक स्वतःस ‘डॉइच’ म्हणवितात तो शब्दही त्याच मुळाचा. उलट ‘वेल्श’ हे नाव इंग्रजांच्या पूर्वजांनी शेजाऱ्यांस दिले. त्याचा अर्थ ‘परका’. वेल्श लोक आपणांस ‘कम्री’ म्हणवितात.

‘इंडियन’ शब्द शिकविताना फळ्यावर सिंधू, हिंदू, इंडस, इंडिया अशी मालिका लिहावी. इराण्यांच्या उच्चारात ‘स’चा ‘ह’ झाला व ग्रीकांनी तो ‘ह’ही टाकिला. आपणही ग्रीकांस असेच नाव दिले आहे. आयोनिया हा त्यांचा एक प्रांत. त्यावरून आपण सर्वांसच ‘यवन’ म्हटले. ते स्वतःस हेलेन म्हणवीत.