दोरीची दोन टोके

कुत्र्याला फिरावयास नेणाऱ्या मनुष्याच्या हाती दोरीचे एक टोक असते. दुसरे कुत्र्याच्या गळपट्ट्याला बांधलेले असते. समोरून अनोळखी कुत्रा येताना दिसला म्हणजे पुष्कळदा असे घडते : 'आता हा भुंकणार' अशी शंका मालकाच्या मनात येते, मूठ आवळते, दोरी ताणली जाते आणि कुत्रा खरोखरच भुंकू लागतो. दोष कुत्र्याच्या माथी मारला जातो. परंतु या प्रकारात मालकाचाही वाटा असतो काय, हा प्रश्न आता प्रयोगांच्या कसोटीवर घासून पाहण्यात आला आहे.

मालकाचा ताण कुत्र्यापर्यंत अनेक वाटांनी पोहोचू शकतो. पहिली वाट म्हणजे स्वतः दोरी. मोकळे कुत्रे बहुधा परस्परांस थेट सामोरे जात नाहीत. वळसा घालून, कुशीकडून हुंगत जवळ येतात. ताणलेली दोरी नेमकी ही मुभा हिरावून घेते. गळ्यावर दाब येतो, मान वर उचलली जाते आणि बाजूस सरण्याचा मार्ग बंद होतो.

दुसरी वाट वासाची. मनावर ताण आला म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदय जलद चालते, घाम सुटतो आणि शरीराचा वासही बदलतो. बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात 36 व्यक्तींना 9000 या संख्येतून 17 पुनःपुन्हा वजा करीत उलट मोजण्यास सांगण्यात आले. त्यापूर्वीचे व नंतरचे त्यांच्या घामाचे व श्वासाचे नमुने शिकविलेल्या 4 कुत्र्यांपुढे ठेवले असता, सुमारे 94 टक्के वेळा कुत्र्यांनी ताणाचा नमुना अचूक निवडला. हे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले.

वास ओळखणे वेगळे आणि त्याचा परिणाम होणे वेगळे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या 2024 मधील प्रयोगात 18 कुत्र्यांना एका जागचा वाडगा भरलेला व दुसऱ्या जागचा रिकामा असतो, असे शिकविण्यात आले. नंतर वाडगा मधल्या जागी ठेवण्यात आला. ताणाखालील अपरिचित मनुष्याचा वास घेतल्यावर, रिकाम्या जागेच्या जवळ ठेवलेल्या वाडग्याकडे जाण्यास कुत्रे अधिक कचरले. जणू त्यांची आशा ओसरली होती.

तिसरी वाट दृष्टीची. मिलान विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये कुत्र्यांपुढे फिती लावलेला विजेचा पंखा ठेवला. त्या अपरिचित वस्तूकडे पाहून बहुतेक कुत्र्यांनी मालकाकडे वळून पाहिले. मालकाने भीती दर्शविली तेव्हा ते पुढे जाण्यास कचरले.

हा संबंध दीर्घकाळही टिकू शकतो. केसांत साठणाऱ्या कॉर्टिसॉलवरून मागील काही महिन्यांच्या ताणाचा अंदाज येतो. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाने 2019 मध्ये 58 मेंढपाळ जातींच्या कुत्र्यांचे व त्यांच्या मालकिणींचे केस तपासले, तेव्हा दोहोंतील कॉर्टिसॉलचे प्रमाण परस्परांशी जुळते असल्याचे आढळले. याच विद्यापीठाने पुढे प्राचीन जातींच्या व एकट्याने शिकार करणाऱ्या कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हा मात्र असा मेळ दिसला नाही. म्हणून एकच नियम सर्व कुत्र्यांस लावणे योग्य होणार नाही. जो कुत्रा एकाएकी चिडखोर बनतो त्याला एखादी वेदनाही असू शकते. अशा वेळी पशुवैद्याचा सल्ला घेणे इष्ट होय.

घामाचा वास मनुष्याला रोखता येत नाही; हाताची मूठ मात्र सैल करता येते. समोरचा कुत्रा दूर असतानाच रस्त्याची दुसरी बाजू धरावी, दोरीला किंचित झोळ राहू द्यावा, हिसका देऊ नये आणि नेहमीच्या स्वरात कुत्र्याला हाक मारावी. भुंकल्याबद्दल त्याला मारणे तर सर्वथा टाळावे. कारण मग दुसरा कुत्रा दिसणे व मार बसणे या दोन गोष्टींची सांगड त्याच्या मनात बसते, आणि पुढच्या भेटीत त्याची भीती अधिकच वाढते.