जातीबद्दल घरात बोलायचं, तर सुरुवात कुठून करावी?

वर्णद्वेषाबद्दल बोलणं मराठी घरांना तसं जड जात नाही. परदेशात शिकणाऱ्या भाच्याला कुणी रंगावरून टोमणा मारला, की सगळं घर कान देऊन ऐकतं आणि संतापतं. जातीचा विषय निघाला, की तेच घर गप्प होतं किंवा 'आमच्याकडे तसलं काही नाही' म्हणून विषय मिटवतं. खरं तर या दोन अन्यायांचं नातं महाराष्ट्राने फार आधी ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं.

जातीमुळे ज्यांना फारसं काही सोसावं लागलेलं नाही, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. ज्यांनी सोसलं, ते आजवर बोलत आणि लिहीतच आले आहेत. अडलंय ते ऐकणाऱ्यांकडे.

पहिलं काम एकट्याने करायचं आहे. एक कोरा कागद घ्या आणि आपल्या घराच्या तीन पिढ्या मांडा. घरात शाळेत जाणारं पहिलं माणूस कोण? आजोबांच्या नावावर जमीन किंवा घर होतं का? वडिलांची पहिली नोकरी कुणाच्या शब्दावर लागली? पाणवठा, देऊळ, शाळेची खोली यांपैकी कुठे घरातल्या कुणाला कधी अडवलं होतं का? यातून जे दिसतं, त्याला विशेषाधिकार म्हणतात. म्हणजे न मागता, न कमावता, निव्वळ जन्मामुळे पदरात पडलेली सोय. ती अंगवळणी पडलेली असते, म्हणून कागदावर उतरवल्याशिवाय दिसत नाही.

इथेच पहिली गफलत होते. 'आमच्या आजोबांनी वार लावून शिक्षण केलं, आम्हाला कसला आलाय विशेषाधिकार?' हे दुःख खोटं नाही. आठवड्याचे सात दिवस सात वेगवेगळ्या घरी जेवायचं, कुठे मायेने वाढलं जायचं तर कुठे तोंड फिरवून, हे त्या वयाच्या मुलाला किती लागत असेल! पण त्याच काळात तितक्याच हुशार आणि तितक्याच गरीब महार किंवा मांग मुलाला त्या सातांपैकी एका तरी घराने पंगतीला बसवलं असतं का? गरिबी दोघांचीही होती, उंबरठा मात्र एकालाच खुला होता. कागदावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहायच्या. एकीने दुसरी खोडायची नाही.

कागद झाला, की ओळखीच्या एखाद्या दलित सहकाऱ्याला गाठून 'तुमचे अनुभव सांगा ना' म्हणावंसं वाटेल. तेवढं टाळावं. डबा खाता खाता माणसाने आपली जखम उघडून दाखवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. आधी वाचावं. दया पवारांचं 'बलुतं', बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं', उर्मिला पवारांचं 'आयदान' ही पुस्तकं कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळतात.

कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' तर मी हातात धरून देईन. दलित घरातली ही नागपूरची मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. कौतुक झालं, पण नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवरची पावडे झाली, आणि मग सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. या नोकरीचं श्रेय आपल्याला नसून बदललेल्या आडनावाला आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. 'आडनाव काय? नाही, मूळचे कुठले?' असं आपण सहज विचारतो, तेव्हा समोरच्याच्या मनात काय चालतं, हे त्या मजकुरावरून कळतं.

आता घरात नजर टाकू. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्याच्या मागे किंवा मोरीजवळ एक कप वेगळा ठेवलेला आहे का? बहुतेकदा त्याच्या काठाचा टवका उडालेला असतो, दांडा तुटलेला असतो. घरकामाला येणाऱ्या मावशी चहा त्यातच पितात, स्वतःच विसळून पुन्हा तिथेच पालथा घालतात. 'हा वेगळा का?' असं विचारलं, तर स्वच्छतेचं कारण पुढे येतं. पण उरलेले सगळे कप घासतात त्याही मावशीच. घरातल्या जातीवर बोलायला याहून सोपी जागा नाही. कप बदला, आणि बदलताना घरातल्या मोठ्यांना कारण सांगा. गुपचूप बदलला, तर महिन्याभरात तो पुन्हा खिडकीत जाऊन बसेल.

हा कप वेगळा ठेवणारी बाई ऑफिसात स्वतः दबलेली असू शकते. बैठकीत तिचं बोलणं तोडलं जात असेल, बढती पुरुषांना मिळत असेल. एकच माणूस एका जागी खाली आणि दुसऱ्या जागी वर असतो. जात, लिंग, वर्ग, धर्म हे पट्टे एका माणसावर जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वेगळाच, अधिक घट्ट अन्याय तयार होतो. त्याला आंतरछेदिता असं जड नाव आहे. या अर्थाचा इंग्रजी शब्द किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ साली रूढ केला. जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध काळ्या बायकांनी केलेला एक दावा त्यांनी उलगडून दाखवला होता. कंपनी बायकांना घेते, म्हणून लिंगभेद नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पण घेतलेल्या त्या बायका गोऱ्या होत्या. 'काळी' आणि 'बाई' या दोन तक्रारी एकत्र करायलाही न्यायालयाने नकार दिला.

आपल्याकडे हे त्याच्या १३४ वर्षं आधी लिहिलं गेलं होतं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांची दुःखं सांगताना ती आपल्या बायकांच्या बाळंतपणापाशी थांबते. डोक्यावर छप्पर नाही आणि थंडी-पावसात मूल होतं आहे. हे दुःख 'जात' एवढ्या एकाच शब्दात मावत नाही आणि 'बाई' या शब्दातही नाही.

रोजच्या व्यवहारात हे कसं ओळखावं? एखाद्या कार्यालयात महिलांची समिती असते आणि मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची संघटनाही असते. पहिलीत बहुतेक सवर्ण बायका, दुसरीत बहुतेक पुरुष. दलित बाईची तक्रार पहिली म्हणते तिकडे न्या, दुसरी म्हणते इकडची नाही. अशा वेळी 'तुमचा नेमका प्रश्न कुठला, जातीचा की बाईपणाचा?' हे विचारू नये. दोन्हींचा मिळून तो एकच असतो.

पुढचा टप्पा गोड नकार ओळखण्याचा. डॉ. आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, उद्या बायको येते आहे, तिला विचारावं लागेल. आंबेडकरांनी दिवसाचे उरलेले तास एका बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे.

त्या दोघांनी जातीचं नावही घेतलं नव्हतं. आज भाड्याने घर देताना 'आमची काही हरकत नाही हो, सोसायटीतल्या लोकांना चालत नाही' म्हणतात, त्याची घडण अगदी हीच. लग्नाच्या जाहिरातीत 'आंतरजातीय चालेल' लिहून पुढे 'एससी, एसटी क्षमस्व' छापतात, तेही याच जातीचं सौजन्य. 'तुम्ही तसे वाटत नाही हं' ही स्तुती नसते. 'पानी' म्हणणाऱ्याला हसणं हा विनोद नसतो. आपल्या तोंडी यातलं काय येतं, ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायला हरकत नाही.

एवढी तयारी झाली, की घरात बोलायला बसावं. माझ्या मते सणाच्या पंगतीत आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर हा विषय काढू नये, तिथे प्रत्येकाला जिंकायचं असतं. एकाशी, निवांत बोलावं. पाचव्या मिनिटाला आरक्षण येणारच. टक्केवारीत अडकलं की संवाद संपला, म्हणून पुन्हा तीन पिढ्यांचा कागद पुढे घ्यावा. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा वरच्या बहुतेक जागा मोजक्या जातींकडेच होत्या, एवढं शांतपणे सांगावं. धोरणावर मतभेद असू शकतो. पण 'फुकट मिळालं' हे वाक्य आलं, की आपल्याला काय काय फुकट मिळालं, ते कागदावर बोट ठेवून दाखवावं. मतभेद राहिला तरी चालेल, बोलणं पुन्हा सुरू करता येईल इतपत जागा ठेवावी.

बोलताना चूक होईलच. कुणी म्हणालं, 'हे मला लागलं', तर 'माझा तसा उद्देश नव्हता' हे पहिलं वाक्य नको. त्याने समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते. 'चुकलं माझं, पुन्हा नाही बोलणार' एवढं पुरे. माफी मिळालीच पाहिजे, हा हट्टही नको.

आणि काही वेळा संवादाची वेळ टळून गेलेली असते. जातीवरून चारचौघांत शिवीगाळ, मारहाण, बहिष्कार हे घरात बसून मिटवायचे गैरसमज नव्हेत. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. 'आधी चौकशी करू' असं ठाण्यात सांगितलं गेलं, तर ही गोष्ट आठवणीने पुढे करावी. १४५६६ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. 'तक्रार करा' असा सल्ला देऊन आपण घरी बसू नये. 'तुमची इच्छा असेल तर मी ठाण्यात सोबत येतो, जे पाहिलं ते साक्षीत सांगतो' असं म्हणावं. तक्रार करायची की नाही, हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावं, कारण गावात किंवा ऑफिसात उद्यापासून वावरायचं आहे ते त्यांना.